कडुबांचा गहू बंद झाला

कडुबा एका सरकारी कचेरीतून शिपाई म्हणून निवृत्त झाले. शहरात सिडकोच्या वसाहतीत दोन खोल्यांचं घर, दारात कडुनिंब आणि दोन्ही वेळा गव्हाची पोळी. यातल्या पोळीचा त्यांना सगळ्यात जास्त अभिमान. पाचोडजवळच्या खेड्यात त्यांचं लहानपण ज्वारीच्या भाकरीवर गेलं. गावात लग्न असलं की यांच्या वस्तीची पंगत बाकी सगळे जेवून उठल्यावर बसायची, आणि तोवर पोळी संपलेली असायची. नोकरी लागली त्या दिवशी त्यांनी बायकोला, सत्यभामाबाईंना, सांगितलं, "आता आपल्या घरात भाकर नाय." चाळीस वर्षं त्या घरात भाकर झाली नाही.

मग मुलगा सम्यक चितेगावच्या कंपनीतून एक तक्ता घेऊन आला. कंपनीत आरोग्य शिबिर झालं होतं आणि तिथल्या कोचनं त्याला मोबाइलवरच्या ग्रुपात घेतलं होतं. तक्ता फ्रिजवर चिकटला. गहू बंद, दूध बंद, अंडी बंद, मटण बंद.

"आजपासून आपलं सगळं घर ग्लुटेन-फ्री आणि प्लांट-बेस्ड," सम्यकनं जाहीर केलं.

"प्लांट म्हंजे तुझी कंपनी ना?" कडुबांनी विचारलं. "डबा तिकडून येणार व्हय?"

दुसऱ्या दिवशी मॉलमधून एक देखणं पाकीट आलं. वर हसऱ्या शेतकऱ्याचं चित्र, खाली सगळं इंग्रजी. सत्यभामाबाईंनी चिमूटभर पीठ नाकाशी नेलं.

"ही तर ज्वारी हाय."

"आई, हे सुपरफूड आहे."

"असंल. पण ज्वारी हाय."

सून रत्नमालाला भाकरी थापता येत नव्हती. तिनं नवऱ्याच्या निर्णयाचं मनापासून कौतुक केलं आणि ती ऑफिसला गेली. तिथल्या कँटीनमध्ये तक्ता नव्हता. सत्यभामाबाई परातीपुढं बसल्या. हात काही विसरले नव्हते. कडुबांच्या चहात बदामाचं दूध पडलं, आणि वर पाणी, खाली गाळ असा तो चहा ते मुकाट्यानं पिऊ लागले.

बाराव्या दिवशी चुलतभाऊ पुंजाराम पोरीच्या लग्नाची पत्रिका घेऊन पाचोडहून आला. त्याच्यापुढं ताट आलं : भाकर, उकडलेला दुधी, बिनतुपाचं वरण. त्यानं ताटाकडं पाहिलं, मग कडुबांकडं.

"दादा, गावाकडचा माणूस म्हणून भाकर वाढली का? तुमच्या घरी तर पोळी असती."

मुलापुढं आपलं काही चालत नाही, हे सांगायची कडुबांना लाज वाटली. पाहुण्याचा अपमान केला असं वाटू देणं त्याहून वाईट.

"नाय रे. मला डॉक्टरनं गहू बंद केलाय."

"अन् मटण?"

"ते बी."

"दूध?"

"ते बी बंद."

पुंजारामनं हातातला घास खाली ठेवला. "मग लई मोठं दुखणं दिसतंय."

"कुणाला सांगू नको," कडुबा म्हणाले. त्यामुळं संध्याकाळपर्यंत पाचोडात सगळ्यांना कळलं.

रविवारी दारात जीप थांबली. अकरा माणसं डोळे पुसतच उतरली. पुढं थोरली बहीण दगडाबाई, वय ऐंशी. आजाऱ्याच्या घरच्यांना त्रास नको म्हणून त्यांनी जेवण बरोबरच आणलं होतं. पोळ्यांची दुरडी, मटणाचं पातेलं, तुपातला शिरा.

पंगत बसली. कडुबांच्या ताटात मात्र भाकर आणि दुधी. शेजारी सम्यक. पाहुण्यांचं मन मोडवत नाही, असं दरवेळी म्हणत त्यानं चार पोळ्या संपवल्या. रत्नमालानं रस्सा दोनदा मागून घेतला. कडुबा दुधी चिवडत राहिले. खरं सांगून टाकावं असं त्यांच्या ओठावर आलं होतं, पण रडत आलेल्या अकरा माणसांना काय सांगणार, की दुखणं फ्रिजवर चिकटवलंय?

"वाढा त्याला पोळी," दगडाबाई म्हणाल्या.

"आत्या, बाबांना चालत नाही," सम्यक तोंडातला घास सावरत म्हणाला.

"तुला चालतंय ना? मग त्याला बी चालतंय. जायचंच असंल तर माझा भाऊ पोटभर खाऊन जाईल!"

कडुबांनी तीन पोळ्या खाल्ल्या आणि वाटीभर रस्सा ओरपला. शेवटचं जेवण म्हणून बायांनी पदर डोळ्यांना लावले. कडुबांचेही डोळे भरले. तिखटानं, असं ते सांगतात.

पाहुणे गेल्यावर सत्यभामाबाईंनी निकाल दिला. एका दिवशी एकच पीठ मळलं जाईल, आणि कुठलं ते त्या ठरवतील. बहुतेक दिवशी गहू निघू लागला.

महिन्याभरानं पुंजारामच्या पोरीच्या लग्नात कडुबा फेटा बांधून धडधाकट उभे राहिले. लोक त्यांना हात लावून बघत होते. दगडाबाईच्या मटणानं माणूस उठला, असं पाचोडात ठरलं. सम्यकला ते मान्य नव्हतं. त्यानं ग्रुपवर लिहिलं की वडिलांना तक्त्यानं गुण आला. कोचनं लगेच सम्यककडून कडुबांचा फेट्यातला फोटो आणि फोन नंबर घेऊन आपल्या सगळ्या ग्रुपांवर टाकला, खाली ओळ : 'असाध्य दुखण्यावर आहारानं मात.'

आता नांदेड, परभणी, पार नाशिकवरून फोन येतात. लोक काकुळतीला येऊन विचारतात, काका, नेमकं काय खाल्लं? कडुबा खरं तेच सांगतात : "तीन पोळ्या अन् मटणाचा रस्सा." पलीकडचा माणूस चिडून फोन ठेवतो. बाबांनी यापुढं फोन उचलू नये, अशी सम्यकनं हात जोडून विनंती केली आहे.