रामाजीभाऊंच्या जुळ्यांचं कॉलेज

आमच्या शेजारच्या रामाजीभाऊंचा मार्कंड्याच्या महादेवावर जितका विश्वास, तितकाच आणखी एका गोष्टीवर होता. जुळ्यांचं सगळं एकत्रच करावं, नाहीतर राहिलेलं लेकरू आजारी पडतं. पोरगा इस्तारी आणि पोरगी रंभा ही त्यांची जुळी. इस्तारीचं पोट दुखलं की एरंडेल दोघांना. रंभाच्या पाठीला गळू झालं तेव्हा पोटीस इस्तारीच्याही पाठीवर बांधलं. धडधाकट पोरगा, बिचारा पालथा निजायचा.

चोपन्न साली दोघं मॅट्रिक झाली. रामाजीभाऊंनी ठरवलं, इस्तारी नागपूरच्या शेतकी कॉलेजात जाईल आणि रंभासाठी स्थळ पाहू. रंभाला सायन्सला जायचं होतं. मी तुळशीला पाणी घालत होते, तिथं येऊन रडायला लागली.

मी म्हटलं, "देवाले सांग, अन् बापालेही सांग. देव थोडीच तुले गाडीत बसवून देते?"

संध्याकाळी तिनं विचारलंच. "बाबा, एरंडेल दोघांले, अन् कॉलेज एकाले? काऊन?"

"कॉलेज का पोटात जाते?" रामाजीभाऊ म्हणाले आणि इस्तारीची पेटी बांधायला लागले.

वरोऱ्याच्या स्टेशनावर गाडीला उशीर होता. इस्तारीनं आईनं दिलेले लाडू एकट्यानं संपवले आणि तो फलाटावरच ओकला. सोडायला आलेले रामाजीभाऊ घाबरले. घरी पोरगीही पडली असणार! गाडी सोडून दिली, बैलबंडी जुंपली, ती थेट दारात.

रंभा ओसरीवर तांदूळ पाखडत होती, ठणठणीत. बापानं एरंडेलाची बाटली पुढे केली तशी तिनं तोंड मिटलं. "पेईन. पण नागपूरले पेईन."

"अवो बाई, तुमी तरी सांगा हिले!" रामाजीभाऊंनी मला हाक मारली.

"रामाजीभाऊ," मी म्हटलं, "कॉलेज पोटात जात नाई, तर हा ओकला कायले?"

त्यांनी बाटली खाली ठेवली. मग म्हणाले, "जाऊ द्या दोघांले. पण एकाच कॉलेजात. एक इकडं, एक तिकडं, हे मले चालणार नाई."

रंभाचं सायन्स ठरलं, इस्तारीला कोणी विचारलंच नाही. दोघं नागपूरला आत्याकडे राहून सायन्सला जायला लागली.

दिवाळीत आली तेव्हा इस्तारी उतरल्या तोंडानं म्हणाला, "बाबा, मले बेडूक कापवत नाई. माह्या वाटचाही रंभीच कापते."

"कापू दे," रामाजीभाऊ म्हणाले. "एकीनं कापला म्हंजे दोघांचा झाला."

रंभा उठली. फडताळातली एरंडेलाची बाटली आणून तिनं इस्तारीपुढे ठेवली. "मंग हे आता यानं प्यावं. माह्या वाटचंही."