अडवलेलं पान

“कावून रे, का म्हणून अडवलंस?” असं वैनी कॉम्प्युटरला विचारायच्या आणि चष्मा कपाळावर सरकवून उत्तराची वाट बघायच्या. आम्ही सगळेच त्यांना वैनी म्हणायचो.

बीडमध्ये ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान. मालक, काउंटरवर मी, गोदामात एक काका आणि बिलांवर वैनी. त्या जवळच्या पालीहून जीपनं यायच्या. असं माणूस तुमच्याही कामाच्या जागी असेल. सगळ्यांची विचारपूस करतं, स्वतःचं काही सांगत नाही.

एकदा काउंटरच्या स्क्रीनवर नागडं चित्र आलं. समोरचं गिऱ्हाईक लेकीला घेऊन आलं होतं. मालकांनी लगेच तीन कंपन्यांचे फिल्टर मागवले, इंटरनेटवरचं नको ते अडवणारे, काही दिवस फुकट वापरून बघायला. तीन कॉम्प्युटरवर तीन. कोणता बरा, ते वैनींनी ठरवायचं.

तपासणीसाठी घाणेरडे शब्द मी चिठ्ठीवर लिहून द्यायचो आणि बाहेर जाऊन उभा राहायचो. वैनी चेहरा न बदलता ते टाइप करायच्या. एकदा आतून हाक आली, “भाऊजी, ह्यातला दुसरा शब्द जरा शुद्ध लिवा!” काका गोदामात जे हसले, ते चहापर्यंत हसतच होते.

पहिल्या फिल्टरनं बेअरिंगच्या कंपनीचं दरपत्रकसुद्धा अडवलं. दुसरा इंग्रजीतलं पकडायचा, मराठीतलं सगळं सोडून द्यायचा. “ह्याला आपली भाषाच येत न्हाई,” वैनी म्हणाल्या. तिसरा लई कडक, पण कामाचं चालू द्यायचा. शिवाय त्यात एक बटण होतं. एखादं पान चुकून अडलं, तर ते दाबून मालकांकडे परवानगी मागता यायची. वैनींनी तिसरा निवडला.

पुढे एका दुपारी आम्ही डबे उघडले होते. वैनी कॉम्प्युटरवरून उठून पाणी आणायला गेल्या होत्या. मालकांचा मोबाइल वाजला.

“वैनींनी परवानगी मागितली बघा,” म्हणत ते हसत हसत मोठ्यानं वाचायला लागले. “स्तनात गाठ...”

ते थांबले. फिल्टरनं पहिल्या शब्दावरच पान अडवलं होतं. वैनी तांब्या घेऊन दारात उभ्या होत्या.

“दुखतंय का?” मालकांनी विचारलं.

“न्हाई. दुखत न्हाई म्हणूनच बघत होते.”

“घरी?”

“सांगितलं न्हाई.”

मालकांनी परवानगी दिली. वैनी जेवल्या, डबा धुतला, मग ते पान वाचत बसल्या. वाचून झाल्यावर राहिलेली बिलं केली. मीही माल मोजून दिला.

दुसऱ्या दिवशी मालकांच्या बायकोनं वैनींना दवाखान्यात नेलं. मग संभाजीनगरच्या खेपा सुरू झाल्या. उशीर झालाय, एवढंच आम्हाला कळत गेलं. वैनी आधी अधूनमधून यायच्या, नंतर येईनाशा झाल्या.

उन्हाळ्यात त्या गेल्या. आम्ही पालीला भेटायला गेलो. त्यांचा नवरा ओसरीवर बसला होता. चहा आला. मला काहीच वाटत नव्हतं. कपात साय धरत होती, ती मी बघत होतो.

“तुमाला आमच्या आधी कळलतं म्हणं,” तो म्हणाला. “तिनं सांगितलं व्हय तुमाला?”

मालकांनी कप खाली ठेवला.

“न्हाई,” ते म्हणाले. “कॉम्प्युटरनं सांगितलं.”

त्यानं मान हलवली. मग उठला, उन्हात आलेली म्हैस सोडली आणि सावलीला नेऊन बांधली.