न छापलेली ओळ

खोकल्याच्या औषधाची बाटली हातात आली की मी अजूनही नखाने लेबलाचा कोपरा खरवडून पाहतो. ही सवय मला एका प्रकरणाने लावली.

तेव्हा मी झाशीत पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. जिल्ह्यातल्या मऊरानीपूरच्या एका औषध दुकानदाराचा फोन आला. मुलांच्या खोकल्याच्या औषधावरचे लेबल सुटले होते आणि खाली दुसरे निघाले होते. वरच्या लेबलावर मुदत शिल्लक होती, खालच्यावर ती केव्हाच संपली होती. माल झाशीतल्या लक्ष्मी गेटजवळच्या एका घाऊक विक्रेत्याचा होता. औषध निरीक्षकांना सोबत घेऊन आम्ही त्याच्या गोदामावर छापा घातला.

मालक शांत होता. "साहब, लेबल सॉफ्टवेअर से निकलता है. तारीख कोई बदल ही नहीं सकता. ये पॅकिंगवाले की बदमाशी है."

पॅकिंगवाला पन्नाशीचा माणूस. हात जोडून बुंदेलीत एवढेच म्हणत राहिला, "हुजूर, हमें तो जौन रोल दओ गओ, हमने चिपका दओ." पण लेबलांवर बोटांचे ठसे त्याचेच निघाले. अटक झाली. कोठडीत तो अन्नाला शिवत नव्हता. बायको डबा घेऊन ठाण्याच्या पायरीवर बसून असे.

सॉफ्टवेअरमध्ये खरोखरच काही सापडले नाही. तेव्हा ठाण्याचा संगणक सांभाळणारी महिला शिपाई म्हणाली, "सर, लेबल प्रिंटर को सॉफ्टवेअर चाहिए ही नहीं. सादी फाइल में लिख दो, कहाँ छापना है, कितना बड़ा, कौन सी तारीख. सीधे भेज दो, छाप देगा."

जप्त केलेल्या संगणकातून अशा पुसलेल्या फाइली परत मिळवल्या. प्रत्येकीच्या पहिल्या ओळीआधी एक खूण होती. ती खूण असली की प्रिंटर ती ओळ सोडून देतो, छापत नाही. त्या ओळीत इंग्रजी अक्षरांत लिहिले होते, 'श्री खंडोबा प्रसन्न'.

"सर, ये खंडोबा कौन सी पार्टी है?" आमच्या दरोग्याने, म्हणजे फौजदाराने, विचारले. "सप्लायर होगा. उठा लें?"

ठाण्यात कोणाला उलगडा होईना. मला झाला. माझे पूर्वज मराठी फौजेबरोबर इकडे आले. आमच्या घरी किराण्याच्या यादीवरसुद्धा आधी हीच ओळ लिहीत.

गोदामातला संगणक चालवणारा ऑपरेटर आडनावाने मराठी होता. त्याला बोलावले, बसवले, चहा दिला आणि मराठीत विचारले, "तुमचं कुलदैवत कोणतं?"

तो गोंधळला. मग हळूच म्हणाला, "खंडोबा, काका."

मी फाइलीचा कागद पुढे ठेवला. त्याने पहिल्या ओळीवर तळवा ठेवला.

"ही ओळ कशाला घातलीत?"

"आदत आहे, काका. आई म्हणते, देवाचं नाव घातल्याशिवाय काम सुरू नाही करायचं."

"आणि कामच असलं असेल तर?"

त्याने कागदावरचा तळवा उचलला. "मालक म्हणाले, तू नहीं करेगा तो दूसरा कर देगा. पॅकिंगवाल्या भैयाला सोडा, काका. त्याला वाचता पण नाही येत."

त्याने दंडाधिकाऱ्यांसमोर जबाब दिला. पॅकिंगवाला सुटला आणि ठाण्याच्या पायरीवरच बायकोने त्याला डबा उघडून दिला.

मालक मात्र निर्दोष ठरला. प्रिंटरला हुकूम लिहून द्यावा लागतो. ऑपरेटरला तोंडी पुरला होता. लिहिलेले शाबीत झाले, बोललेले झाले नाही. शिक्षा एकट्या ऑपरेटरला झाली.

तो माझ्यासारखाच घरातला पहिला पदवीधर. माझ्या वडिलांनी छावणीतल्या बंगल्यांत माळीकाम करून मला शिकवले. पुढे मला चांगले वरिष्ठ मिळाले, त्याला तो मालक मिळाला. माझे उपकारकर्ते आठवले की तोही आठवतो.

निकालाच्या दिवशी त्याची आई कोर्टाच्या व्हरांड्यात भेटली. आवाजात राग नव्हता. "तुम्ही आपल्यातले, म्हणूनच ओळखलंत ना?"

"हो," मी म्हणालो.

गुन्हा करताना माणूस देवाला विसरतो, असे मला नोकरीच्या सुरुवातीला वाटे. तसे नसते. पुष्कळ जण त्याचे नाव आधी घेतात आणि मग त्या प्रिंटरसारखी तेवढी ओळ सोडून देतात.