आमच्या घरात कुणालाच नाही

ओकबुनआत्या आंदोंगच्या जुन्या बाजारात खारवलेले बांगडे विकायची. गिऱ्हाईक मासा नाकाशी धरून उभं राहिलं की म्हणायची, “वासाने पोट भरलं असेल तर सरका, मागे उपाशी माणसं उभी आहेत.” हे मी हुबेहूब करते. आजोबांची नक्कल त्याहून सोपी. आधी खाकरायचं, मग वाक्य, मग परत खाकरायचं, म्हणजे विषय संपला.

आजोबा आत्याला नावाने हाक मारत नाहीत. आम्हा क्वॉन घराण्यात लग्न झालेल्या मुलीला सासरच्या आडनावानेच ओळखतात. ओकबुनआत्या ‘पाकांकडची’. थोरली आत्या ‘ईमांकडची’, ती स्तनाच्या कॅन्सरने गेली. आजोबांची बहीणही त्यानेच गेली. ती कुणाकडची होती हेसुद्धा आता कुणी काढत नाही. श्राद्धाला या दोघींचं पान आमच्याकडे नसतं. दिली ती गेली.

म्हणून पहिल्यांदा ओकबुनआत्याच्या डाव्या बाजूला गाठ निघाली आणि तेगू शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “घरात आधी कुणाला होता?” तेव्हा ती म्हणाली, “आमच्या घरात कुणालाच नाही.” खोटं नव्हतीच बोलत. घर म्हणजे आजोबा आणि बाबा. गाठ काढली, किरणांचे शेक दिले, आत्या पुन्हा बांगड्यांना मीठ चोळायला लागली.

यंदा गाठ उजवीकडे आली, आणि कळेपर्यंत आजार फुप्फुसात पोचला होता. डॉक्टरीणबाईंनी गाठीचा तुकडा तपासून सांगितलं, की नेमकी औषधं पेशींच्या ज्या तीन खुणा धरून काम करतात, त्यांतली एकही इथे नाही, म्हणजे ती औषधं लागू पडणार नाहीत. मग रक्त तपासलं. जनुकातच बिघाड. तो बापाकडूनही येतो. पुरुषाला बहुतेकदा काही होत नाही, तो नुसता पुढे देतो, आणि मुलगा असो की मुलगी, प्रत्येकाला निम्मी शक्यता.

“तेव्हाच सांगितलं असतंत तर,” एवढं म्हणून त्या थांबल्या. ती नक्कलही मला येते. करत नाही.

त्या दिवसापासून आत्याने एकच धरलं, बाबांनी रक्त द्यायचं. त्यांच्यात बिघाड असेल तर माझ्यातही असू शकतो. बाबा म्हणाले, “वडिलांना विचारतो.”

आजोबा खाकरले. “बायकांचा रोग. पाकांकडचं पाकांकडे.” खाकरले.

“कार्टे, म्हाताऱ्याचा आवाज काढ,” आत्या दवाखान्यातल्या खाटेवरून म्हणाली. “तुझ्या बापाने जन्मात एकाच माणसाचं ऐकलंय.”

“आत्या, पकडले गेले तर?”

“तर मार तू खा. मला आता कोण मारणार?”

आजोबा स्वतःचा फोन ठेवत नाहीत, समोर येईल त्याचा मागून घेतात. म्हणून शेजारच्या खाटेवरच्या बाईंचा फोन घेतला. मी खाकरले. “तेगूला जा. रक्त दे. ओकबुन आपल्याच घरची आहे.” पुन्हा खाकरले. त्या बाई उशीत तोंड खुपसून हसत होत्या.

पलीकडून बाबा म्हणाले, “हारिन, लग्नानंतर आजोबांनी तिचं नाव एकदाही घेतलेलं नाही. आहे का ती तिथे? दे तिला फोन.”

आत्याने फोन कानाला लावला. “दादा,” म्हणाली, आणि धाप लागली. फोन परत देताना मला म्हणाली, “नापास. पाकांकडची म्हणायचं होतंस.”

तरी बाबा आले, आजोबांना न सांगता. सुई टोचताना त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. निकाल आला तोवर आत्याला उठून बसता येत नव्हतं. बिघाड बाबांमध्येही होता.

“हिचं?” आत्याने विचारलं.

“इतक्या लहान वयात तपासत नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “सज्ञान झाली की येऊ दे.”

त्या गेल्यावर आत्याने माझं मनगट धरलं. बोटांना अजून मिठाचा खरखरीतपणा होता. “तेव्हा विचारतील, घरात आधी कुणाला. काय सांगशील?”

“पाकांकडची, ईमांकडची...”

“नावं सांग.”

“ओकबुन,” मी म्हटलं, आणि पुढे मला येईना. बाबांकडे बघितलं.

“सुकनम,” बाबा म्हणाले. थोरलीचं नाव मी पहिल्यांदाच ऐकत होते. “आणि वडिलांची बहीण...”

आत्या वाट बघत राहिली. बाबांनी नकारार्थी मान हलवली. त्यांनाही माहीत नव्हतं. ते नाव एकट्या आजोबांना माहीत आहे.