इटलीच्या फुलबॅकबद्दल मी मारलेली थाप

मंडळी, आज सकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर असा शरमलो की घरी येऊन आधी हे लिहायला बसलो.

तिथे दिनू भेटला. एकेकाळचा मांडवीच्या संघाचा फुलबॅक, म्हणजे बचावपटू; आता पोरांना फुटबॉल शिकवतो. पोरांना म्हणाला, "इटलीच्या त्या फुलबॅकवर लेख लिहिणारे हेच ते भाऊ!" आणि पाकिटातून जुनं कात्रण काढलं.

ऐंशीच्या दशकात मी इथल्या एका साप्ताहिकात खेळाचं पान लिहायचो. जहाजावरच्या मामाने एक इटालियन मासिक आणलं होतं. त्यातलं अक्षरही कळत नव्हतं, म्हणून चार फोटो बघून मी त्या खेळाडूची अख्खी कारकीर्द रचली. 'त्याने आयुष्यात कुणाला मुद्दाम पाडलं नाही,' हे वाक्यही माझंच. पुढे तो कोच झाला तेव्हा नेटवर वाचलं, आडदांडपणासाठीच गाजला होता तो.

दिनू हसत म्हणाला, "भाऊ, तुमचा लेख आला त्याच वर्षी फायनलला समोरच्या संघाचा फॉरवर्ड सुटला. त्याचा शर्ट माझ्या हातात होता हो! तुमचं वाक्य आठवलं, सोडून दिला. गोल झाला. मांडवीत वर्षभर कोण माझ्याशी बोललं नाय."

खरं सांगायला मी तोंड उघडलं आणि नुसतं "छान" म्हणालो.

रविवारी त्याने मला पोरांना त्या इटालियनबद्दल सांगायला बोलावलंय. पण कुणालाच न पाडणारा फुलबॅक मला एकच माहीत आहे, आणि तो मांडवीचा आहे. त्याचं नाव घ्यायचं तर आधी माझी थाप त्याच्यासमोर कबूल करावी लागेल.

तुम्ही केली असती कबूल?