छत्तीस इंचांचा दरवाजा

मी गणिताची शिक्षिका. अकोल्याच्या एका मुलींच्या शाळेत पंचवीस वर्षांहून जास्त शिकवलं, आणि एवढ्या काळात माझं माप चुकलं असं कुणी म्हटलेलं मला आठवत नाही. म्हणून अमरावतीला घर बांधायचं ठरलं तेव्हा सगळ्यात आधी मी आईची चाकाची खुर्ची मोजली. एका चाकाच्या कडेपासून दुसऱ्या चाकाच्या कडेपर्यंत सव्वीस इंच. दारातून जाताना तिचे कोपर चौकटीला घासू नयेत म्हणून दोन्हीकडे थोडी जागा धरली. म्हणजे बाथरूमचा दरवाजा, चौकट सोडून, मोकळा छत्तीस इंच.

आईला लकवा होऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. उजवी बाजू गेली होती. बोलणं शाबूत होतं, डोकं शाबूत होतं, आणि जिभेचा तिखटपणा तर कणभरही कमी झाला नव्हता. आम्ही दोघी अकोल्यात भाड्याच्या घरात दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. लिफ्ट नव्हती. तिला डॉक्टरकडे न्यायचं तर खालच्या दुकानांतली चार माणसं बोलवावी लागत. ती बिचारी खुर्चीसकट तिला उचलून न्यायची आणि आई जिना संपेपर्यंत डोळे मिटून बसायची. मला वाटायचं, ती घाबरते. एकदा ती म्हणाली, "भेव कायचं? परके मानसं उचलून राह्यले, ते मले पाहू वाटत नाही."

माझ्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. अमरावतीला, गावाच्या कडेच्या एका ले-आऊटमध्ये मी पूर्वीच प्लॉट घेऊन ठेवला होता. तिथून दहा मिनिटांवर माझा मोठा भाऊ राहतो. घर माझं, कर्ज माझ्या नावावर, पण बांधकामावर लक्ष भावानं ठेवायचं असं ठरलं. मी शाळा सोडून रोज बसनं जाऊ शकत नव्हते, आणि आईला एकटीला सोडणं तर शक्यच नव्हतं.

नकाशा मी आधी आलेखाच्या कागदावर स्वतः काढला, मग इंजिनिअरकडून करून घेतला. ठेकेदाराला मी तीनच गोष्टी बजावल्या. जोतं दीड फुटाचं, म्हणून पुढच्या दारापर्यंत पायऱ्यांऐवजी अठरा फुटांचा उतार. बाथरूमचा दरवाजा छत्तीस इंच. आणि घरात एकही उंबरठा नको. "बाकी टाइल्सचा रंग, गेटची नक्षी, तुम्हाला हवं ते करा," मी म्हटलं.

ठेकेदार भावाच्या ओळखीचा. मी बोलत होते तेव्हा तो मान डोलावत होता, पण बघत भावाकडे होता. मी प्रश्न विचारला की उत्तर भावाला द्यायचा. मला ते खटकलं होतं. तरी मी गप्प बसले. आपल्याकडे असंच असतं, कामाशी काम, अशी स्वतःची समजूत घातली. त्या समजुतीचा मला आजही संताप येतो.

काम सुरू झालं आणि रोज संध्याकाळी माझ्या फोनवर ठेकेदाराकडून फोटो येऊ लागले. खाली लिहिलेलं असे, 'आजचं काम'. पाया, कॉलम, भिंती. मी ते आईला दाखवायची. ती डाव्या हातानं फोटो मोठा करून बघायची आणि म्हणायची, "विटा बऱ्या दिसतात."

स्लॅब टाकल्यानंतर तिसऱ्या दिवशी समोरच्या घरातल्या भाभींचा फोन आला. प्लॉट बघायला जायची तेव्हा त्यांच्याकडेच पाणी प्यायला थांबायची, तेवढीच ओळख. त्यांचे यजमान सुतारकाम करतात, त्यामुळे बांधकामातलं त्यांना कळतं. भाभी म्हणाल्या, "टीचरबाई, बुरा मत मानना. तुमच्या स्लॅबवर पानीच नाही टाकून राह्यले. दोन दिन से सूखा पडा है."

नवा स्लॅब ओला ठेवला नाही तर तडकतो. मी भावाला फोन केला. तो म्हणाला, "त्या बाईचं काय ऐकतेस? मी आहे ना इथं." मी ठेकेदाराला फोन केला. अर्ध्या तासात फोटो आला, स्लॅबवर मातीचे वाफे, त्यांत काठोकाठ पाणी. भाभींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "आता टाकलं. तुमचा फोन आल्यावर." त्यानंतर मी भाभींना रोज फोन करू लागले.

पुढे दीडेक महिन्यानं उताराचा फोटो आला. लांब, छान, कडेला स्टीलचा कठडा. दुसरा फोटो रुंद दरवाज्याचा. मी आईला दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "बरं केलं वं त्यानं." तिनं ठेकेदाराला चांगलं म्हटलं, तेही मनापासून. त्या संध्याकाळी भाभींना फोन लावून मी आनंदानं सांगितलं, "उतार झाला म्हणे."

भाभी म्हणाल्या, "कोनता उतार? तुमच्याकडं तं पायऱ्या बसवल्या आज. काला पत्थर लावून राह्यले."

दुसऱ्या दिवशी मी शाळेत रजा टाकली, आईजवळ शेजारीण बसवली आणि पहाटेची बस धरली. कुणाला कळवलं नाही. दहाच्या आत मी प्लॉटवर होते. तीन पायऱ्या होत्या. काळ्या ग्रॅनाइटच्या, पॉलिश केलेल्या. मी पर्समधून टेप काढला आणि आत गेले. बाथरूमची चौकट पक्की बसवलेली, आत टाइल्सही लागलेल्या. मोकळी जागा पंचवीस इंच. खाली दोन इंचांचा उंबरठा. मी तीनदा मोजलं. मुलींना शिकवते तसं, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, एकदा मधून.

ठेकेदार तासाभरानं आला. मला बघून त्याचा चेहरा क्षणभरच पडला.

"मॅडम, काहून तकलीफ घेतली? फोन करायचा."

"उतार कुठे आहे?"

"तं असं हाय मॅडम, उतार दिला की घर दवाखान्यावानी दिसते. भाऊसाहेबांशी बोलनं झालं माह्यं."

"आणि हा फोटो?" मी फोन त्याच्यासमोर धरला.

"तो आपल्या दुसऱ्या साइटचा. डॉक्टरसाहेबांचा दवाखाना. नमुन्यासाठी पाठवला."

"खाली तुम्ही लिहिलंय, आजचं काम."

तो हसला. "तिथं आजच झालं होतं नं."

माझा हात उचलला नाही गेला, एवढंच. माझ्या आईनं ज्या फोटोला 'बरं केलं' म्हटलं, तो परक्या दवाखान्याचा होता आणि हा माणूस माझ्यासमोर विनोद करत होता. मी म्हटलं, "बाथरूमचा दरवाजा?" तर म्हणाला, "एवढा मोठा दरवाजा बाथरूमले कोन ठेवते, मॅडम? पूर्ण ले-आऊटमधी दाखवा."

तेवढ्यात भाऊ आला. ठेकेदारानंच त्याला फोन केला असणार. मी त्याला बाजूला नेऊन विचारलं, "दादा, तुला माहीत होतं?"

"माहीत होतं. तू चिडशील म्हणून नाही सांगितलं."

"आई आत कशी जाणार?"

"आपण उचलू. मी आहे, माझी मुलं आहेत." मग त्यानं आवाज खाली आणला. "हे बघ, घर काय दोन-चार वर्षांसाठी नसते. आई काय जन्मभर…"

वाक्य त्यानं तिथंच सोडलं. पण ते मला पूर्ण ऐकू आलं. पायऱ्या, काळा ग्रॅनाइट, पंचवीस इंचांची चौकट, हे सगळं त्या वाक्यावर उभं होतं. त्यानं आईनंतरचं घर बांधलं होतं. माझ्या कर्जावर, माझ्या नकाशावर, आणि आई तिकडे अकोल्यात फोटो मोठे करून बघत असताना.

मी भांडले नाही. "येत्या रविवारी दोघंही इथं थांबा," एवढंच म्हणून मी परतले.

रविवारी मी आईला गाडी करून घेऊन गेले. तिला म्हटलं, घर दाखवते. बाकी काही सांगितलं नाही. पायऱ्यांपाशी भावानं आणि ठेकेदारानं खुर्ची उचलली. आईनं डोळे मिटले. आत मी स्वतः तिला बाथरूमकडे ढकलत नेलं आणि चौकटीत खुर्ची घातली. पुढची छोटी चाकं उंबरठ्यापलीकडे गेली, मागची मोठी चौकटीला अडली. पुढे जाईना, मागे येईना. मी ढकलत राहिले. ठेकेदार "मॅडम, मॅडम" करत होता. भाऊ भिंतीकडे बघत होता. मिस्त्री लोकांनी काम थांबवलं होतं.

आई म्हणाली, "थांब."

मग ती भावाकडे न वळताच, समोरच्या टाइल्सकडे बघत बोलली, "मी मेल्यावर पायऱ्या बांधजो. आता हे फोड."

भाऊ बाहेर निघून गेला. ठेकेदारानं त्याच्यामागे बघितलं, आणि पहिल्यांदा, अगदी पहिल्यांदा, उत्तर मला दिलं. "करतो मॅडम."

मला वाटलं होतं, परतीच्या वाटेवर आई माझ्या बाजूनं बोलेल. अर्ध्या वाटेवर, मूर्तिजापूरला, ती म्हणाली, "तुले तोंडानं नव्हतं सांगता येत? इतक्या लोकायसमोर मले दारात अडकवून ठेवलं."

"त्यांना कळत नव्हतं, आई."

"कळत होतं. तुलेच दाखवाचं होतं." आणि तिनं खिडकीकडे मान फिरवली.

तिचं खरं होतं. मी तिला टेपसारखं वापरलं होतं. भावावरचा राग कुणाला तरी सांगता येतो, हा स्वतःवरचा नाही सांगता येत.

पुढचे बारा दिवस मी रजा घेतली, आईला मावशीकडे ठेवलं आणि प्लॉटवर प्लास्टिकची खुर्ची टाकून बसले. जेवणाचा डबा भाभींकडून येई. दरवाजा फोडला, भिंत नव्यानं बांधली, चौकट मी समोर बसून बसवून घेतली. त्याच टाइल्स पुन्हा मिळाल्या नाहीत, त्यामुळे एका भिंतीचा रंग वेगळा आहे. पायऱ्या उखडल्या आणि ठेकेदारानं उतार केला, सहा फुटांचा. घसरगुंडीच होती ती. त्यावरून खुर्ची सोडली असती तर आई थेट भाभींच्या दारात पोचली असती. मी जमिनीवर खडूनं गणित मांडून दाखवलं, एक फूट चढायला बारा फूट लांबी. ठेकेदार म्हणाला, "मॅडम, इतकं बारीक कोनी पाहत नाही." मी म्हटलं, "मी पाहते. फोडा." मिस्त्री हसला आणि त्यानं हातोडा उचलला. उतार अठरा फुटांचा झाला.

वास्तुशांतीला सगळे नातेवाईक आले. जो तो भावाच्या पाठीवर थाप मारत होता. "तू लक्ष घातलं म्हणून झालं घर. बाईमानसाच्यानं होते का हे?" भावानं एकदाही 'नाही' म्हटलं नाही. ठेकेदाराला टोपी-उपरणं द्यायची वेळ आली तेव्हा भावानं ताट माझ्याकडे सरकवलं. मी ते तसंच परत सरकवलं आणि उठून भाभींना साडी दिली, मिस्त्रीला टोपी-उपरणं दिलं. मंडपात कुजबुज झाली. होऊ दिली.

मी निवृत्त झाल्यावर आम्ही राहायला आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईला एकटीनं बाथरूममध्ये नेलं, आंघोळ घातली, बाहेर आणलं. कुणालाही हाक मारावी लागली नाही. आई खूश होती. मला मात्र टॉवेलनं तिचे केस पुसताना राग आवरत नव्हता. इतकं सोपं होतं ते. एवढ्यासाठी एवढं करायला लावलं.

भावाशी मी बोलते. सणावाराला तो येतो, मी जेवायला वाढते. त्या अर्ध्या वाक्याबद्दल त्यानं कधी माफी मागितली नाही आणि मी कधी विषय काढला नाही. या घरात येऊन आम्हाला पाच वर्षं झाली. आई यंदा त्र्याऐंशीची झाली. रोज सकाळी पाणी नीट गरम नाही म्हणून माझ्यावर ओरडते.