मास्तरांनी सोडलेली जिलेबी

जिलेबी खाण्याआधी मास्तर ती बोटावर टांगायचे. पाक निथळेपर्यंत थांबायचे, मग हात डोळ्यांसमोर धरून एक डोळा बारीक करायचे. शर्टाची शिवण तिरकी तर गेली नाही ना, हे बघताना करायचे अगदी तसेच. समाधान झालं की म्हणायचे, "मापमा शे." म्हणजे, मापात आहे. आणि जिलेबी गडप! पुढची बोटावर टांगायला तयार.

विसरवाडीच्या फाट्यावर माझं मेडिकल आहे. त्याला लागूनच मास्तरांचं शिलाईचं दुकान होतं. आमच्याकडे टेलरला मास्तरच म्हणतात, त्यामुळे त्यांचं खरं नाव निम्म्या गावाला ठाऊक नव्हतं. मधे एक भिंत, समोर हायवे, त्यावरून सुरतेकडे धावणारे ट्रक, आणि पलीकडे हॉटेलवाल्याची जिलेबीची कढई. तुम्ही कधी या फाट्यावर एसटी बदलायला उतरला असाल, तर तो वास तुमच्याही नाकात गेला असेल. मास्तरांचं मशीन बरोबर कढईकडे तोंड करून मांडलेलं होतं. उजेड चांगला येतो, असं ते सांगत. उजेड दुसऱ्या बाजूनेही येत होता, पण असो.

कपडे शिवणं हा त्यांचा धंदा आणि सोयरिकी जमवणं हा त्यांचा छंद. माप घेता घेता ते माणसाचं सगळं घर काढून घ्यायचे. छातीचं माप घेताना शेती किती, कंबरेचं घेताना पोरं किती, आणि बाहीपर्यंत आले की, "थोरलानं लगीन व्हयनं का?" नवापूरपासून पार तापीकाठापर्यंतची लग्नाळू मुलं-मुली त्यांना पाठ होती. या कामाचं त्यांनी कुणाकडून काही घेतलं नाही. त्यांना हवा असायचा फक्त मान, आणि तो मान गोड असायचा.

आमच्या भागातली एक रीत सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सोयरीक ठरली, सुपारी फुटली, की मुलाकडचा सगळ्यांत थोरला माणूस आपल्या हाताने पहिला गोड घास मध्यस्थाला भरवतो. मध्यस्थाने खाल्लं म्हणजे त्याने जबान दिली. दोन्ही घरांत झाकून ठेवलेलं काही नाही, याची ती हमी. तो खाईपर्यंत मांडवातलं कुणी ताटाला हात लावत नाही. आणि ज्याला हमी द्यायची नसते तो तोंडाने कधी नाही म्हणत नाही. पोट बिघडलंय म्हणतो, दात दुखतोय म्हणतो. समजणारे समजून घेतात आणि सुपारी परत जाते.

तर असा हा जिलेबीचा माणूस. एके दिवशी अंगठ्यात सुई घुसली म्हणून माझ्याकडे पट्टी लावायला आले. पंधरा दिवसांनी पाहिलं तर जखम तशीच ओली. वर तासाभरात तीनदा माझ्या माठातलं पाणी पिऊन गेले. मी हात धरून बसवलं आणि साखर मोजली. आकडा पाहून माझंच तोंड कोरडं पडलं.

"मास्तर, रक्तात साखर आहे, साखर!"

"साखर मन्हा आंगमा शे? हाई तं चांगलीच गोट शे!"

डॉक्टरांनी गोड बंद केलं. मास्तरांनी ते बंद मानलं नाही, त्याला त्यांनी कापड समजून कापायला घेतलं. रोज दुकानात येऊन घासाघीस चालायची.

"भाऊ, जिलेबी सोडी. पेढा तं चालस ना?"

"नाही."

"मंग गोडीशेव? ती तं गूळनी ऱ्हास."

"मास्तर, गुळात काय मीठ असतं का?"

मग त्यांनी नवी युक्ती काढली. जिलेबीचं बाहेरचं एकच वेटोळं मोडून खायचं, आतलं ठेवून द्यायचं. मी रागावलो की म्हणायचे, "बारीक करी लिन्ही ना! मापमा शे." मी म्हणालो, असं असेल तर ते उरलेलं आतलं वेटोळं चार वाजता कोण खातं? तर म्हणाले, उंदीर असतील. असा राग यायचा मला! औषधं माझ्या दुकानातून न्यायची आणि त्यांचा परिणाम समोरच्या हॉटेलात घालवायचा. पण रागावून पुरतं रागावताही यायचं नाही. माणूस चोरी करताना इतका आनंदी दिसायचा.

आणि मग एक दिवस ते आले तेव्हा हसत नव्हते. एका हातात सुई, एका हातात दोरा.

"भाऊ, माले नेढं दिखत नही."

मी चष्म्याचं काही असेल म्हणालो. त्यांनी मान हलवली. नंदुरबारला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मीच घेऊन गेलो. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, डोळ्याच्या पडद्याला साखरेने धरलंय. आज आवरलं तर आहे तेवढी नजर टिकेल, नाहीतर वर्षभरात सुई सोडाच, दाराची चौकटही दिसणार नाही. परतीच्या एसटीत मास्तर खिडकीशी बसले होते. एकदाच बोलले. म्हणाले, काज-बटणं तर मी हाताच्या अंदाजानेही करेन, पण पोरगी पसंत करायला आलेल्या पोराचं तोंड मला कसं दिसणार? मी त्यांना शेंगा घेऊन दिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायला आलो तर शेजारी खडखडाट चाललेला. मास्तर एकटेच मशीन ओढत होते. ओढून ओढून त्यांनी ते पुरं फिरवलं आणि भिंतीकडे तोंड करून बसले. कढई पाठीमागे गेली. त्या दिवसापासून गिऱ्हाइकाला आधी मास्तरांची पाठ दिसायची. हॉटेलवाला बिचारा कावराबावरा झाला. त्याला वाटलं, आपलं काही चुकलं. तो रस्ता ओलांडून विचारायला आला, तेव्हा मास्तर मान न वळवता म्हणाले, "तुन्हं काही नही रे भो. तू मस्त बनाडस, तोच तरास शे."

त्यानंतर त्यांनी जिलेबी खाल्ली नाही. एक वेटोळंसुद्धा नाही. उंदीरही गेले. साखर उतरली, नेढं पुन्हा दिसायला लागलं. मात्र आणखी एक गोष्ट बंद झाली, ती माझ्या लवकर लक्षात आली नाही. मास्तरांनी सोयरिकी जमवणं सोडलं. कुणी विषय काढला की म्हणायचे, आता वय झालं, दुसऱ्याला बघा.

दोन वर्षं अशी गेली आणि माझ्या थोरलीच्या लग्नाचं निघालं. औषधांचा कोर्स करून ती माझ्याबरोबर दुकानात बसत होती. कोरीटचा एक मुलगा, घरची केळी-कापसाची शेती, मुलगा शिकलेला, शांत. माझ्या पोरीला तो मनापासून आवडला होता. माणसं मात्र जुन्या वळणाची, आणि त्यांचा मास्तरांवर भरवसा. मी मास्तरांच्या मागे लागलो. आधी नाहीच म्हणाले. मग म्हणाले, "बोलनं मी करी दिसू. पन सुपारीना दिन माले बलावू नका." मी हसण्यावारी नेलं. सुपारीच्या दिवशी त्यांना हाताला धरून घरी आणलं आणि ओसरीवर पुढच्या सतरंजीवर बसवलं. एवढा औषधवाला मी, माझ्या डोक्यात आलं नाही की हे का नको म्हणत असतील!

सुपारी फुटली. ताट आलं, हॉटेलवाल्याने मुद्दाम पहाटे केलेल्या जिलेब्या. मुलाचे आजोबा उठले. मोठा फेटा, पांढऱ्या मिशा. त्यांनी जिलेबी उचलली आणि मास्तरांच्या तोंडाशी नेली.

मास्तरांनी हात जोडले. "आबा, माले सोडा."

आजोबांचा हात तसाच राहिला. पाक त्यांच्या मनगटावरून ओघळला.

"पोरमा काही कमी शे का, मास्तर?"

"नही आबा! सोनानी पोर शे. माले साखर शे. डॉक्टरनी बंद करेल शे."

"साखर?" आजोबा म्हणाले. "मन्हा भाचाना लगनमा अकरा खाद्यात तुम्ही. मी मोज्यात."

अकरा खाल्ल्या होत्या, मी साक्षीदार होतो. आजोबांनी जिलेबी ताटात ठेवली आणि कोरीटची माणसं एकेक करून अंगणात उतरली. कुजबूज सुरू झाली. आतून माझ्या बायकोचा हुंदका ऐकू आला. दाराआड माझी पोर उभी होती, तिचा चेहरा मला दिसत होता. मी मास्तरांच्या कानाशी वाकलो आणि जे बोललो ते आजही आठवलं की मान खाली जाते.

"मास्तर, खा ना एक! मन्ही पोरना इचार करा. एक खाईसन काय व्हस?"

एकेकाळी ज्याने त्यांना एका वेटोळ्यावरून फाडून खाल्लं, तोच मी.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही म्हनी ऱ्हायनात?" एवढंच. रागाने नाही, नुसतं खात्री करून घ्यावी तसं. मग त्यांनी ताटातली जिलेबी उचलली, बोटावर टांगली आणि सवयीने एक डोळा बारीक केला.

"थांबा मास्तर!"

माझी पोर बाहेर आली. नव्या साडीत, एका हाताने पदर सावरत, दुसऱ्या हातात दुकानातलं साखर मोजायचं यंत्र. तिने मास्तरांच्या बोटावरची जिलेबी काढून ताटात टाकली, तेच बोट पुसलं, टोचलं आणि थेंब पट्टीवर घेतला. मग माझं बोट ओढलं. नवी सुई, नवी पट्टी. दोन्ही आकडे कागदावर मोठे लिहून ती अंगणात गेली आणि आजोबांसमोर उभी राहिली.

"आबा, तुम्हीच देखा. हाऊ मन्हा बापना आकडा, हाऊ मास्तरना. एवढ्या गोळ्या खाईसनबी इतला शे. मास्तर एक जिलेबी खातीन, मंग दुसरी. त्यासना डोया जातीन. मन्हं लगीन नही व्हयनं तरी चाली."

नवरी मुलगी असं बोलते? अंगणातल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. मी मनात म्हटलं, झालं, बुडालं सगळं. आजोबांनी कागद हातात घेतला, दोन्ही आकड्यांवरून अंगठा फिरवला. मग हळूच आपलं बोट पुढे केलं.

"मन्हंबी देख, बेटा."

तिने पाहिलं. आकडा मास्तरांच्या वर निघाला. चांगलाच वर! आजोबांनी तो दोनदा वाचायला लावला. मग ओसरीवर येऊन मास्तरांच्या शेजारी बसकण मारली आणि म्हणाले, "मास्तर, तुमना पुढे गयू मी." पहिल्यांदा हसले ते मास्तर. मग सगळी ओसरी हसली, आतली माझी बायकोसुद्धा, रडत रडत.

आजोबांनी विचारलं, सैपाकात काय आहे? कळण्याची भाकर आणि भरीत होतं. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, भरीत लावलं आणि मास्तरांना भरवलं. मास्तरांनी शांतपणे चावून चावून खाल्लं. मिरची झणझणीत होती, डोळ्यांत पाणी आलं. मिरचीचंच होतं असं मी धरून चालतो.

"मापमा शे," ते म्हणाले. आणि माझ्या पोरीचं लग्न ठरलं.

त्यानंतर मास्तरांनी पुन्हा सोयरिकी जमवायला घेतल्या आणि त्यांच्या हातच्या प्रत्येक सुपारीत पहिला घास भाकरीचा झाला. कोरीटचे आजोबा बाजारच्या दिवशी साखर मोजायला माझ्याकडे यायचे. मग दोघे म्हातारे कढईकडे पाठ करून मास्तरांच्या दुकानात बसायचे आणि जुन्या लग्नांतल्या जिलेब्यांच्या गप्पा मारायचे. त्यावर बंदी नव्हती. माझ्या नातवाचं पहिलं झबलं मास्तरांनी शिवलं. सुईत दोरा स्वतः ओवला, मला मुद्दाम बोलावून दाखवला. मी मात्र त्या दिवसाच्या बोलण्याबद्दल त्यांची माफी मागितली नाही. रोज शेजारी बसायचो, रोज वाटायचं, उद्या मागू.

यंदा थंडीत मास्तर गेले. झोपेतच. आदल्याच आठवड्यात साखर मोजली होती, अगदी बरोबर होती.

तेराव्याला सगळी विसरवाडी लोटली. नैवेद्याचं पान मांडलं होतं. हॉटेलवाला डोळे पुसत आला आणि मोठी पुडी पानाशी ठेवू लागला. गरम जिलेबी. लोक म्हणाले, ठेवा, ठेवा, आयुष्यभर जीव होता त्यांचा, आता कसली आलीय साखर! काकू, म्हणजे मास्तरांच्या मंडळी, पानापाशी बसल्या होत्या. त्यांनी वर माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही सांगा, भाऊ. ठेवू का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. दाराशी कोरीटचे आजोबा काठीवर हनुवटी टेकून बसले होते, तेही.

"नको, काकू," मी म्हणालो. "मास्तरांनी सोडली होती."

काकूंनी मान हलवली आणि पानावर भाकर वाढली. मी पुडी उचलून बाहेर पोरांना वाटायला नेली. बोटांना पाक लागला होता. तो मी पुसला, आणि रडलो.